युद्धात तुटलेली धमनी: बांधून टाकायची की शिवायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शस्त्रक्रियेच्या इतिहासावर बोलायला उभा राहिलो की विद्यार्थी आणि बिगर-डॉक्टर मंडळी जवळपास तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं बरेच दिवस मनात होतं. या विषयानं मला इतकी वर्षं धरून ठेवलंय त्याचं कारण एकच. तुटलेली धमनी कशी जोडायची हे माणसाला १९०२ साली माहीत झालं होतं, तरीही पुढची पन्नास वर्षं रणांगणावर जखमींचे पाय कापले जात राहिले. ही पन्नास वर्षं कुठे गेली, ते या उत्तरांमधून सांगायचा प्रयत्न आहे.

धमनी तुटली की नेमकं काय होतं?

प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. मांडीतली मोठी धमनी उघडी पडली आणि कुणी हात लावला नाही, तर काही मिनिटांत खेळ आटोपतो. शिरेतून येणारं रक्त गडद असतं आणि संथ वाहतं. धमनीतलं रक्त लालभडक असतं आणि नाडीच्या ठोक्यागणिक उसळतं.

एक गोष्ट ऐकून सगळ्यांना नवल वाटतं. पूर्ण तुटलेल्या धमनीपेक्षा अर्धवट फाटलेली धमनी बऱ्याचदा जास्त घातक ठरते. पूर्ण तुटली तर तिची दोन्ही टोकं आकसून स्नायूंत मागे सरकतात, तोंडं आवळली जातात आणि गुठळी धरायला संधी मिळते. अर्धवट फाटलेलीला आकसताच येत नाही, उलट भोक ताणून उघडं राहतं.

म्हणजे जखमी माणसाच्या उशाशी दोन घड्याळं चालू असतात. जिवाचं घड्याळ मिनिटांचं, आणि हातापायाचं तासांचं. रक्तपुरवठा तुटल्यावर स्नायू आणि मज्जातंतू साधारण सहा तास तग धरतात, पुढे दर तासाला आशा घटत जाते. हे सहा तास लक्षात ठेवा, खाली ते पुन्हा पुन्हा येणार आहेत.

फार पूर्वी काय करायचे?

सुश्रुतसंहितेत रक्त थांबवायचे चार उपाय दिलेत: संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. तुरट काढ्यानं जखमेची तोंडं मिळवायची, थंडाव्यानं रक्त गोठवायचं, भस्म वापरायचं, आणि कशानंच भागलं नाही तर डागायचं. डागणं शेवटी ठेवलंय, यात मला त्या वैद्याचा अनुभव दिसतो. डागलेल्या जागी खपली धरते, पण ती निखळली की रक्त पुन्हा सुरू होतं.

युरोपात बंदुका आल्यावर प्रकरण चिघळलं. बंदुकीच्या दारूत विष असतं अशी समजूत होती, म्हणून गोळीच्या जखमेत उकळतं तेल ओतत. आंब्रुआझ परे हा फ्रेंच न्हावी-शल्यवैद्य १५३७ च्या सुमारास तुरीनच्या मोहिमेत होता. त्याच्याजवळचं तेल संपलं. नाइलाजानं त्यानं अंड्याचा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाइन यांचा लेप लावला आणि रात्रभर काळजीनं जागा राहिला. सकाळी लेपवाले शांत झोपलेले होते, आणि तेलवाले तापानं आणि सुजेनं कण्हत होते. १५५२ मध्ये दांव्हिलेच्या वेढ्यात त्यानं पाय कापल्यावर धमन्या डागल्या नाहीत. चिमट्यानं एकेक टोक ओढून धाग्यानं बांधलं.

मग परेची पद्धत सगळ्यांनी लगेच उचलली असेल?

नाही. धागा बांधायला वेळ लागतो, मदतनीस लागतो, आणि मुख्य म्हणजे बांधेपर्यंत रक्त थांबवून धरायला काहीतरी लागतं. लोखंड तापवून टेकवणं सोपं होतं. परेनंतर सव्वाशे वर्षांनी, १६७४ मध्ये, बझाँसोंच्या वेढ्यात एतिएन मोरेल या फ्रेंच शल्यवैद्यानं दोरीत काठी घालून पीळ देण्याची युक्ती वापरली. तीच आपली आवळपट्टी, डॉक्टरांच्या भाषेत टुर्निके. १७१८ मध्ये झाँ-लुई पतीनं तिला स्क्रू बसवला, त्यामुळे आवळ हवा तितका कमी-जास्त करता येऊ लागला.

तरी धाग्याचा मोठा शत्रू शिल्लक होता, पू. जंतूंची कल्पना कुणालाच नव्हती. धाग्याची टोकं जखमेबाहेर लोंबत ठेवत, म्हणजे आत सडलं की ओढून काढता येईल. आठ-दहा दिवसांनी, माणूस सावरतोय असं वाटत असतानाच, बांधलेली जागा कुजून सुटायची आणि रात्रीत अंथरूण रक्तानं भरायचं. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) या दुसऱ्या रक्तस्रावाची धास्ती प्रत्येक इस्पितळात होती. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर या ब्रिटिश शल्यवैद्यानं जंतुनाशनाची पद्धत मांडली, तेव्हा कुठे धागा भरवशाचा झाला.

सेनापतीच्या खिशात आवळपट्टी होती आणि तरी तो गेला, ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. ६ एप्रिल १८६२, अमेरिकेच्या त्याच यादवी युद्धातली शायलोची लढाई. दक्षिणेकडच्या फौजेचा सेनापती अल्बर्ट सिडनी जॉन्स्टन याला उजव्या गुडघ्यामागे गोळी लागली. गुडघ्याच्या लवणीतली, म्हणजे मागच्या खळगीतली, धमनी फाटली. रक्त बुटात साचत राहिलं आणि बराच वेळ कुणाच्या लक्षातच आलं नाही. स्वतःच्या शल्यवैद्याला त्यानं थोड्याच वेळापूर्वी शत्रूच्या जखमी सैनिकांकडे पाठवलं होतं. आवळपट्टी त्याच्या खिशात होती. आसपासच्या अधिकाऱ्यांपैकी कुणाला ती लावायचं सुचलं नाही.

मी वर्गात ही गोष्ट नेहमी सांगतो. नंतर विद्यार्थी युद्धांची नावं विसरतात, बूट मात्र विसरत नाहीत.

धमनी शिवण्याची कल्पना पहिल्यांदा कुणाला सुचली?

१७५९ मध्ये इंग्लंडातल्या न्यूकॅसलमध्ये हॅलोवेल नावाच्या शल्यवैद्यानं दंडातली फाटलेली धमनी वाचवली. रक्त काढण्याच्या उपचारात ती चुकून कापली गेली होती. त्यानं जखमेच्या दोन्ही कडांतून पाव इंचाची पोलादी टाचणी आरपार घातली आणि तिच्याभोवती धागा गुंडाळला. मनगटातली नाडी लागत राहिली. पुढे इतरांनी जनावरांवर हाच प्रयोग केला आणि तो फसला, म्हणून कल्पना जवळपास सव्वाशे वर्षं अडगळीत पडली. १८९६ मध्ये शिकागोत जॉन मर्फीनं गोळीनं जखमी झालेली मांडीतली धमनी एका टोकात दुसरं टोक सरकवून जोडली.

पण खरी कळ सापडली अलेक्सिस कारेलला. १८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांना लिऑनमध्ये भोसकलं गेलं. यकृताकडे जाणारी मोठी शीर फाटली होती, आणि शहरातल्या नामांकित शल्यवैद्यांना ती शिवता येईना. कारेल तेव्हा तिथलाच तरुण शिकाऊ डॉक्टर. शिवता यायलाच हवी होती, हे त्याच्या डोक्यातून जाईना. तो थेट लिऑनच्या एका कशिदाकारीण बाईंकडे बारीक सुईकाम शिकायला गेला.

त्याची १९०२ ची पद्धत समजायला सोपी आहे. ओली, मऊ नळी हातात धरून शिवायला गेलात की ती चपटी होते आणि सुई पुढच्या भिंतीतून शिरून मागच्या भिंतीत अडकते, म्हणजे नळीच बंद. कारेलनं दोन्ही तोंडं समोरासमोर आणून सारख्या अंतरावर तीन टाके घातले आणि तिन्ही धागे बाहेरच्या बाजूला ताणून धरले. त्याबरोबर गोल तोंडाचा त्रिकोण झाला. त्रिकोणाची बाजू सरळ असते, त्यामुळे ती कापडाच्या कडेसारखी सरळ शिवत जाता येते. सुई-दोऱ्याला तो व्हॅसलीन लावायचा, म्हणजे रक्त चिकटून गुठळी होऊ नये. आम्ही शिकताना खाटकाकडून आणलेल्या बोकडाच्या धमनीवर हेच करायचो. पहिल्या दहा-बारा वेळा माझी नळी गळकीच राहिली. तीन धागे सारख्या ताणात आले आणि त्रिकोण दिसला, तो क्षण आजही आठवतो.

कारेलला १९१२ मध्ये नोबेल मिळालं.

मग पहिल्या महायुद्धात धमन्या शिवल्या का नाहीत?

मला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रश्न हाच. कारण दोनच वर्षं आधी, १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत, बेलग्रेडच्या व्होयिस्लाव सुबोतिच यांनी ते करून दाखवलं होतं. जखमेनंतर धमनीला आलेल्या फुगवट्यांचे ७७ रुग्ण त्यांनी हाताळले आणि त्यांतल्या ३२ जणांच्या वाहिन्या दुरुस्त केल्या. १९१३ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत ते हे सगळं मांडून आले.

आणि १९१४ मध्ये फ्रान्सची खंदकं आली. शेणखतानं पोसलेली शेतजमीन, पावसानं झालेला चिखल, तोफगोळ्यांचे ओबडधोबड तुकडे. जखमेत मातीनं भिजलेलं कापड खोल घुसायचं आणि वायू-गँगरीन, म्हणजे जंतूंमुळे मांस सडून आत वायू साठणं, सुरू व्हायचं. जखमी माणूस खंदकातून स्ट्रेचरवर, तिथून गाडीत, तिथून इस्पितळात पोचेपर्यंत सहा तास कधीच उलटून गेलेले. घाण जखमेत शिवलेली धमनी कुजून फुटणार हे उघड होतं. ब्रिटिश शल्यवैद्य जॉर्ज मेकिन्स यांनी १९१९ मध्ये या जखमांचा मोठा आढावा छापला, आणि त्यात भर होता तो बांधण्यावरच. धमनी बांधताना शेजारची धडधाकट शीरसुद्धा बांधावी असं त्यांचं मत होतं. ते पुढे चुकीचं ठरलं, पण बरीच वर्षं पाळलं गेलं.

फ्रेंच शल्यवैद्य तेओडोर त्युफिए यांनी मात्र वेगळा मार्ग काढला. चांदीच्या बारीक नळीला आतून मेण लावायचं आणि ती तुटलेल्या दोन टोकांच्या मध्ये बसवायची. नळी काही दिवसांत तुंबायची, पण तेवढ्या वेळात आडवाटेच्या लहान धमन्या रुंदावून कामाला लागत. ही नळी पुढे पुन्हा भेटेल.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत तरी सुधारणा झाली असेल ना?

आकडे ऐका. मायकेल डिबेकी आणि फिओरिंडो सिमिओन यांनी १९४६ मध्ये अमेरिकी सैनिकांच्या २,४७१ धमनी-जखमांचा हिशेब मांडला. दुरुस्तीचा प्रयत्न झाला फक्त ८१ जणांत. धमनी बांधलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचा हात किंवा पाय गेला. लवणीतली धमनी तुटलेल्यांत तर १०० पैकी ७२ जणांचा पाय कापावा लागला. दुखापतीपासून उपचारापर्यंत सरासरी दहा तासांहून अधिक वेळ जात होता. लेखकांनी स्पष्ट लिहिलं की बांधणं हा पसंतीचा उपाय नव्हे, ती परिस्थितीनं लादलेली गरज आहे.

पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये सुरू झालं, ते याच युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी. वरच्या आकड्यांमागची माणसं कशी जगली असतील याची कल्पना त्या केंद्राच्या जन्मवर्षावरून येते.

कोरियात असं काय बदललं?

जवळपास सगळंच, आणि तेही तीन वर्षांत (१९५० ते १९५३).

हेलिकॉप्टर आलं. बाहेरच्या बाजूला दोन पाळण्यांत जखमींना बांधून ते डोंगर ओलांडायचं. फिरतं लष्करी शल्य-इस्पितळ आघाडीपासून थोड्या मैलांवर, तंबूत उभं असायचं. पेनिसिलिन होतं, बाटल्यांत साठवलेलं रक्त होतं. पहिल्यांदाच मोठ्या संख्येनं जखमी सहा तासांच्या आत टेबलावर येऊ लागले.

तरी धोरण जुनंच, धमनी बांधा. अमेरिकी मरीन दलाच्या वैद्यकीय तुकडीत फ्रँक स्पेन्सर हा जेमतेम सव्वीस-सत्तावीस वर्षांचा शल्यवैद्य होता. १९५२ मध्ये त्यानं ते धोरण बाजूला सारून धमन्या जोडायला सुरुवात केली. मधला तुकडाच उडालेला असेल तर मृत सैनिकांच्या शरीरातून घेतलेल्या धमनीचं कलम लावलं. त्याच सुमारास लष्कराच्या वॉल्टर रीड केंद्रातली एडवर्ड जांके, कार्ल ह्यूजेस प्रभृती मंडळीही आघाडीजवळ हेच काम करत होती. ह्यूजेस यांनी नंतर मांडलेल्या ३०४ जखमांपैकी २६९ धमन्या दुरुस्त झाल्या होत्या, आणि अवयव कापावा लागण्याचं प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवर आलं होतं. आधीच्या युद्धातल्या निम्म्यांवरून आठांत एकावर.

स्पेन्सरच्या जागी मी असतो तर हुकूम मोडला असता का, हे मी स्वतःला अनेकदा विचारलंय. चिमटा सोडल्यावर पांढरा पडलेला तळवा हळूहळू गुलाबी होताना एकदा ज्यानं पाहिलाय, त्याला परत बांधायला सांगणं अवघड आहे, एवढं मात्र नक्की.

या युद्धात भारताचीही वैद्यकीय तुकडी होती, लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखालची ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स. तिनं तिथे सैनिक आणि नागरिक दोघांवरही उपचार केले. रंगराज यांना महावीर चक्र मिळालं.

व्हिएतनामची ‘नोंदवही’ म्हणजे काय?

नॉर्मन रिच यांनी १९६६ मध्ये वॉल्टर रीडमध्ये रक्तवाहिन्यांच्या जखमांची एक नोंदवही सुरू केली. प्रत्येक जखमीचं काय झालं, कलम किती वर्षं टिकलं, याचा सैनिक घरी गेल्यावरही पाठपुरावा होत असे. १९७० मध्ये त्यांनी एक हजार धमनी-जखमांचा आढावा छापला. अवयव गमावण्याचं प्रमाण कोरियाइतकंच, १३ टक्क्यांच्या आसपास राहिलं होतं. ही प्रगती थांबल्याची खूण वाटते, पण या वेळी शस्त्रं जास्त विध्वंसक होती, आणि पूर्वी वाटेतच दगावले असते असे जखमी हेलिकॉप्टरमुळे जिवंत पोचत होते.

दोन गोष्टी या काळात पक्क्या झाल्या. कलमासाठी रुग्णाच्याच धडधाकट पायातली वरवरची लांब शीर घ्यायची, आणि ती उलटी करून लावायची, कारण शिरेत रक्त एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या झडपा असतात. शिवाय मोठी शीर तुटली असेल तर तिचीही दुरुस्ती करायची, नाहीतर रक्त पायात जातं पण परत येत नाही आणि पाय सुजून कलम बंद पडतं.

रक्त देण्याचा यात किती वाटा?

फार मोठा. रिकाम्या शरीरात उत्तम शिवलेली धमनी काय कामाची? सायट्रेट नावाचा क्षार घातला की काढलेलं रक्त गोठत नाही, हे १९१४ च्या सुमारास कळलं. १९१७ मध्ये ऑसवाल्ड रॉबर्टसन यांनी आघाडीमागे बाटल्यांत रक्त साठवून ठेवलं. १९३६ मध्ये कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून स्पेनच्या यादवीत गाडीतून रक्त घेऊन आघाडीवर जाऊ लागले.

इथे आपला धागा जुळतो. बेथून नंतर चीनमध्ये गेले आणि १९३९ मध्ये शस्त्रक्रिया करताना बोट कापल्याचं निमित्त होऊन जंतुसंसर्गानं वारले. त्यांच्या नावाच्या इस्पितळाचे प्रमुख झाले ते सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये भारतातून गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते, आणि नागपूरचे डॉ. चोळकरही. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी.

आवळपट्टी वाईट की चांगली? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

दोन्ही मतांना इतिहास आहे. जखमीला पोचायला दहा-बारा तास लागत तेव्हा पट्टी तितके तास आवळलेली राहायची आणि पाय मरायचा. म्हणून ‘अगदी शेवटचा उपाय’ असा शिक्का तिच्यावर बसला, आणि वाहतूक सुधारली तरी तो पुसला गेला नाही. व्हिएतनाममध्ये केवळ हातापायातल्या रक्तस्रावानं माणसं जातच राहिली.

इराक-अफगाणिस्तानच्या युद्धांत मत पालटलं. एका हातानं स्वतःला लावता येईल अशी पट्टी प्रत्येक सैनिकाला दिली गेली. बगदादच्या लष्करी इस्पितळात २००६ मध्ये जॉन क्रॅग यांनी नोंदी ठेवल्या. रक्त गेल्यानं शरीर खचण्याआधी (डॉक्टरांच्या भाषेत ‘शॉक’) पट्टी लागलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचले, खचल्यानंतर लागलेल्यांपैकी जेमतेम १० टक्के. आणि पट्टीमुळे पाय गेला असं एकही उदाहरण त्यांत नव्हतं.

युक्रेनमध्ये ड्रोनच्या भीतीनं जखमींना तासन्‌तास हलवता येत नाही, त्यामुळे जुना धोका परत आलाय. पट्टीचा गुणदोष इस्पितळ किती लांब आहे यावर ठरतो.

आता आघाडीवर धमनी लगेच शिवतात का?

दरवेळी नाही. प्लास्टिकची छोटी नळी दोन टोकांत बसवून रक्त चालू करतात, माणसाला मोठ्या इस्पितळात हलवतात आणि शिवणकाम तिथे निवांत होतं. म्हणजे त्युफिए यांची चांदीची नळी नव्वद वर्षांनी परतली. सोबत ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड देतात. जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्यानं शोधलेलं हे स्वस्त औषध पाळीच्या अतिस्रावासाठी आपल्याकडेही सर्रास वापरलं जातं. जखमेनंतर तीन तासांच्या आत दिलं तरच फायदा.

पोटातल्या आणि छातीतल्या रक्तस्रावावर मात्र बाहेरून पट्टी आवळता येत नाही. २००१ ते २०११ मधल्या ४,५९६ अमेरिकी सैनिकांच्या मृत्यूंचा अभ्यास झाला. त्यांत वाचवता आले असते अशांपैकी ९० टक्क्यांहून अधिक रक्तस्रावानंच गेले होते, आणि बहुतेकांची जखम धडात होती. आजचं बहुतेक संशोधन तिथेच चाललंय.

यातलं मला रस्त्यावरच्या अपघातात काय उपयोगी पडेल?

१०८ ला फोन लावा, किंवा दुसऱ्याला लावायला सांगा. हातरुमाल, ओढणी, जे स्वच्छ कापड हाताशी असेल ते जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून दाबा. दर मिनिटाला उचलून बघू नका. हळद, चहापावडर, चुना काहीही आत भरू नका, नंतर ते धुऊन काढण्यात आमचा मोलाचा वेळ जातो.

हाताची किंवा पायाची जखम असेल, दाबूनही रक्त उसळत असेल, तरच आवळपट्टी. जखमेच्या वर चार बोटं जागा सोडून, सांध्यावर नाही. सुतळी किंवा वायर नको, मांसात रुतते. रुंद कापड घ्या, गाठीत पाना किंवा काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिळा. दुखेल, ओरडतील, तरी सैल करू नका. ती सोडायची डॉक्टरांनीच. साप चावल्यावर मात्र असं काहीही आवळू नका, तिथे त्यानं नुकसानच होतं.

आणि पट्टी किती वाजता बांधली ते पेनानं त्या माणसाच्या कपाळावर किंवा हातावर लिहा. टेबलावर घेतल्यावर मी पहिल्यांदा तोच आकडा शोधतो, कारण त्यावरून सहा तासांतले किती उरलेत ते कळतं.